ज्याला बीप ऐकू आली नाही

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरतेतल्या लिंबायतच्या गल्ल्यांत मतदानाचं नवं यंत्र दाखवायची ड्यूटी माझ्यासारख्या शाळामास्तरावर आली. लोक लांबूनच बघत होते. शेवटी भुवयांवर धाग्यांची लव बसलेला एक खानदेशी लूम कारागीर, म्हणजे यंत्रमागावरचा कामगार, पुढे आला.

"बटण दाबा, बीप वाजली की मत नोंदलं," मी म्हणालो.

त्याने दाबलं. बीप वाजलीही, पण वीस वर्षं लूमच्या खडखडाटात गेलेल्या कानांना ती कुठली ऐकू येणार? बटणाशेजारी लागलेल्या लाल दिव्यावर त्याचा विश्वास नव्हता. लूम चालू आहे का बघतात, तसा त्याने यंत्रावर तळवा ठेवला.

"मास्तर, हाई तं बंद शे!"

मग त्याने एकेक करत सगळी बटणं दाबली. मी त्याच्या कानाशी ओरडलो, "एकदा मत घेतलं की ते पुन्हा ऐकत नाही!"

तो मिशीत हसला. "मंग हाऊ आपला नगरसेवकना भाऊच शे!"

गल्ली खदखदली आणि रांग लागली. माझ्या सरकारी पत्रकात हे वाक्य नव्हतं. पुढच्या गल्लीपासून ते मीच म्हणू लागलो. आधी फक्त मागे साहेब नाहीत ना, एवढं बघून घ्यायचो.