वासूच्या दाढेचा कौल

दिग्गी गावच्या वासू वेळीपाला मी एकदाच घाबरलेलं पाहिलं, आणि तेव्हा समोर अस्वल नव्हतं. अस्वलाला तो घाबरत नाही. मी तिथल्या शाळेत मास्तर असताना एकदा वाटेत अस्वल आडवं आलं. मी झाडामागं गेलो. वासू झाडापुढं उभा राहिला आणि शेजाऱ्याची म्हैस परड्यात शिरल्यावर बोलावं तशा आवाजात त्याला म्हणाला, "हो बाजूला. मास्तरास्नी शाळंला जायचं हाय." अस्वल थोडा विचार करून गेलं.

हा माणूस दातांच्या डॉक्टरला भीत होता. तो अर्थात तसं म्हणत नसे. तो म्हणे, "देव न्हाई म्हणतोय."

गावात काही ठरवायचं असलं की देवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणावर उजवीकडं आणि डावीकडं एकेक फुलाची पाकळी पाण्यानं चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हा मान वासूच्या घराण्याचा. लग्नाची सोयरीक असो की हरवलेली गाय, पाकळ्या वासूच लावायचा, आणि दोन्हींना सारखंच पाणी लावायचा. त्यात त्यानं कधी कुणाची भीड ठेवली नाही. स्वतःच्या भावानं बांध सरकवला तेव्हाही डावी पाकळी पडू दिली.

फक्त दाढेचा प्रश्न आला की डाव्या पाकळीला पाणी जरा कमी लागायचं.

याला कारण होतं. वासू लहान असताना त्याच्या बापाची दाढ कॅसलरॉकला रेल्वेच्या एका फिटरनं पक्कडीनं उपटली होती. बापाचं डोकं धरायचं काम वासूकडं होतं. पुढं बाप बरा झाला, वासू झाला नाही. स्वतःची दाढ किडली तेव्हा त्यानं लवंग धरली, तंबाखू धरला, एका बाजूनं चावायला शिकला. गाल सुजला की डोक्याला टॉवेल गुंडाळून "वारं लागलंय" म्हणायचा. बायको केशर म्हणायची, "अवो, रामनगरला दाखवून येऊ." मग कौल लागायचा. डावी पडायची. वासू हात जोडून म्हणायचा, "मी तर तयार होतो. पण त्येच्या म्होरं कुणाचं चालतंय?"

अशी बरीच वर्षं देवानं ही दाढ सांभाळली. गेल्या जत्रेत मात्र घोटाळा झाला.

जत्रेला गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचं तेही वासूनंच. एकेक मागणं तो म्हणतो आणि सारा गाव "व्हय रे म्हाराजा" म्हणून साथ देतो. त्या दिवशी गाल टम्म सुजलेला, दाढेखाली लवंगेचा बोळा. "आली रोगराई ती वाटेला लाव," म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "आली रोगराई ती वाट्याला लाव."

गावानं सवयीनं एका सुरात म्हटलं, "व्हय रे म्हाराजा!" आणि मग सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

त्या पावसाळ्यात अर्धा गाव तापानं झोपला. ताप दर पावसाळ्यात येतो, पण दर पावसाळ्यात तो मागून घेतलेला नसतो. वासूचा चुलतभाऊ म्हादू, ज्याची जीप आहे, तो चारचौघांत म्हणू लागला, "दादाला आता आराम द्यावा. मान काय, घरातल्या घरातच ऱ्हाईल. माजी बत्तीशी चांगली हाय." पंचांनीही ठरवलं, की या जत्रेला वासूचं तोंड बघून काय ते ठरवू.

जत्रा जवळ आली आणि गाल पुन्हा सुजला. केशरनं या वेळी कौलाचं नावच काढलं नाही. रामनगरला माझ्याकडं जायचं म्हणून तिनं त्याला जीपमध्ये बसवलं, आणि माझ्या घरी चहा पाजून, मला सोबत घेऊन, समोरच्या गल्लीतल्या दातांच्या दवाखान्यात नेलं. मास्तरांसमोर तो पळणार नाही असा तिचा हिशेब होता. जीप म्हादूचीच. तोही आत येऊन दाराशी उभा राहिला, काळजीनं म्हणा किंवा उत्सुकतेनं म्हणा.

डॉक्टर पूर्णिमा ही आमच्या रामनगरचीच मुलगी. दिवसभर हळियाळकडचे पेशंट बघून तिच्या तोंडात कन्नड बसलेलं. "बायी तेगी मामा," ती म्हणाली. हळियाळच्या बाजारात कन्नडातून तासभर घासाघीस करणारा वासू तिच्याकडं बघतच राहिला.

"तोंड उघड म्हणत्यात," केशर म्हणाली.

"मला काय कळत न्हाई व्हय?" वासू म्हणाला आणि तोंड मिटलं.

शेवटी ते उघडलं. पूर्णिमानं आत पाहिलं आणि ही दाढ आज काढायलाच हवी, पलीकडची एक नंतर बघू, असं सांगितलं. तिनं सुई उचलली तसा वासू खुर्चीतून उठला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आज न्हाई जमायचं. कौल घेतल्याला न्हाई."

"कौल?" पूर्णिमा म्हणाली. "मामा, बाहेर सहा माणसं बसलीत."

"देवाला इचारल्याबिगर आमच्यात रगात सांडत न्हाईत, बाय."

म्हादू दारातून म्हणाला, "ते बरोबर हाय दादाचं. चल, घरी जाऊ." त्याला जत्रा दिसत होती.

"घरी कशाला?" केशर म्हणाली. "देव काय दिग्गीतच हाय? हितं बी हाय."

तिनं ट्रेमधले कापसाचे दोन बोळे उचलले. डावा बेसिनच्या नळाखाली धरून गच्च भिजवला. उजव्याला एक थेंब दाखवला, न दाखवल्यासारखा. मग भिंतीच्या पांढऱ्या फरशीवर दोन्ही चिकटवले, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "देवा, दाढ काढायची असंल तर उजवा दे."

वासू डोळे फाडून बघत होता. "अगं, उजव्याला पाणी..."

"काय झालं पाण्याचं?" केशरनं मान न वळवता विचारलं.

"पाण्याचं काय दादा?" म्हादू दोन पावलं पुढं आला.

वासूनं म्हादूकडं पाहिलं, मग केशरच्या पाठीकडं. इतकी वर्षं देवळात पाण्याचा तांब्या तीच धरत होती. "काय न्हाई," तो म्हणाला. "पाणी थंड असंल, म्हटलं."

उजवा बोळा पडला. वासू खुर्चीत बसला. त्यानं डोळे मिटले, दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले, आणि आपण होऊन तोंड उघडलं.

सुई टोचल्यापासून दाढ निघेपर्यंत केशरनं त्याचं डोकं धरून ठेवलं होतं. तशी गरज नव्हती, पण पूर्णिमानं तिला बाजूला केलं नाही.

जत्रेला मी मुद्दाम गेलो. पंच पहिल्या रांगेत, म्हादू त्यांच्या मागं. वासूनं गाऱ्हाणं घातलं आणि त्या शब्दाशी आल्यावर पहिलीच्या पोरानं पाटीवर गिरवावा तसा तो म्हटला, "वा-टे-ला लाव!" गाव असा ओरडला, की झाडावरचे पक्षी उडाले. मानाचा नारळ वासूच्याच हातात आला. म्हादूनं पंचांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर वासूनं पलीकडच्या दाढेसाठी कौल लावला. मला रामनगरला सोडायचं म्हणून म्हादू जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत होता, देवळात आम्ही तिघंच. या वेळी दोन्ही पाकळ्यांना सारखं पाणी लावलं. तांब्या केशरच्या हातात होता आणि ती नीट बघत होती.

डावी पडली.

केशर घाबरली. "अवो, आता? ह्यो खरा न्हाई म्हणतोय."

वासूनं दोन्ही पाकळ्या उचलून कानामागं खोचल्या.

"म्हणू दे. इतकी वर्सं मी त्येच्या नावानं खोटं बोललो, त्यानं एकदा बोलावं की," तो म्हणाला. "चल. म्हादूला सांग, मास्तरांसंगं आपुन बी रामनगरला येतोय. पूर्णिमाबाय बसली असंल."