पत्र्यामागची चौतीस लेकरं

घोडनदीच्या काठच्या आमच्या वस्तीवरच्या शाळेत वच्छलाबाई अकरा वर्षं मुलांची खिचडी शिजवते. गेल्या हिवाळ्यात शाळेमागच्या उसात बिबट्या दिसला. खिडक्यांचे गज गंजून तुटलेले. दुसऱ्याच दिवशी गावानं चारही खिडक्यांवर पत्रे ठोकले, दार आतून लावून घ्यायला सांगितलं. पहिला पत्रा वच्छलाबाईनंच धरला होता.

एका खोलीत चौतीस लेकरं. पंधरा दिवसांत वर्ग खोकायला लागला. ती पातेलं घेऊन दार वाजवायची; आतून कडी निघाली की कोंदट, आंबूस वाफ अंगावर यायची.

शिक्षिका सारिका मॅडम शाळा समितीचे अध्यक्ष मारुतराव यांच्याकडे दोनदा गेल्या. "एकाचा श्वास दुसरा घेतोय, आबा. हवा खेळली नाही तर सगळीच आजारी पडतील."

"खोकला औषधानं बरा हुतो, मॅडम," मारुतराव म्हणाले. "बिबट्यानं नेल्यालं लेकरू माघारी येत न्हाई."

वच्छलाबाईलाही तेच पटत होतं.

मग त्याच वर्गात बसणारी तिची सहा वर्षांची नात, राजनंदिनी, तापली. शिरूरच्या दवाखान्यात न्यूमोनिया निघाला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, छाती भात्यासारखी वरखाली. डॉक्टरांनी विचारलं, "वर्गात अजून किती आजारी?" वच्छलाबाई एकेक नाव घेत गेली. सतरा झाली. डॉक्टर म्हणाले, "आजी, त्या खिडक्या उघडा. नाहीतर बाकीचीही इथंच येतील."

तिसऱ्या दिवशी सुनेला पोरीजवळ बसवून ती एसटीनं निघाली आणि घरी न जाता थेट शाळेत गेली. लोखंडी उलथनं पत्र्याखाली घालून तिनं जोर लावला. आवाज ऐकून मारुतराव धावत आले.

"डोकं फिरलं का, वच्छलाबाई? उद्या काय झालं तर जबाबदार कोण?"

"आबा, तुमच्या पोल्ट्रीचं पडदं तुम्ही दिसभर लावून ठिवता का?"

"त्याचं काय हितं?"

"कोंडलं की कोंबड्या घुरघुरत्यात, पटापट मरत्यात, तुम्हीच सांगता. मग ही लेकरं कोंबड्यांपरीस चिवट हायत व्हय?" तिनं उलथनं पुन्हा पत्र्याखाली घातलं. "बिबट्या कवा यील तवा यील. मरण तर आत बसलंय, आबा. माझी पोर श्वास मागतीया तिकडं."

मारुतरावांनी सुटलेला पत्रा ओढून भिंतीला टेकवला. म्हणाले, "जाळी बसवाय चार दिस लागतील. तवर?"

"तवर मी बसते मागं."

चारही पत्रे निघाले आणि ती बसली. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत, भिंतीला पाठ लावून, तोंड उसाकडं, हातात वाजवायला परात आणि पळी. खिचडी शेजारची साखरबाई शिजवायची. वाऱ्यानं पाचट सळसळलं की वच्छलाबाई परात बडवायची. दवाखान्यातून फोन आला तर उचलायला हात धजायचा नाही. एकदा दुपारी ती ओक्साबोक्शी रडली, पण जागेवरून उठली नाही.

पाचव्या दिवशी वेल्डर हनुमंतनं नवे गज आणि जाड जाळी बसवली. समोरच्या भिंतीत छताखाली दोन झरोकेही पाडले.

महिन्याभरात वर्गातला खोकला ओसरला. तरी तीन घरांनी बिबट्याच्या भीतीपोटी अजून मुलं पाठवलेली नाहीत, आणि वच्छलाबाई त्यांना दोष देत नाही. राजनंदिनी एकोणिसाव्या दिवशी घरी आली. चार पावलं चालली तरी तिला धाप लागते. फुफ्फुस पुरतं बरं व्हायला किती महिने जातील, डॉक्टर सांगत नाहीत. सोमवारी पुन्हा एक्स-रे आहे.