गरम शीर

घोडेस्वारीत टाच खाली ठेवायची असते. मी ती महिनाभर रिकिबीत जोर लावून दाबली आणि टाचेमागची धोंडशीर सुजवून घेतली. वय चाळीस. दसऱ्याला घोड्यावरून मिरवणार, असं राजारामपुरीतल्या निम्म्या दुकानांत सांगून बसलेलो. म्हणून लंगडणं लपवत होतो.

तबेल्यातल्या मोतद्दाराचं नाव मी कधी विचारलं नाही. खोगीर घालण्याआधी तो उकिडवा बसून प्रत्येक घोड्याच्या पायामागच्या शिरेवरून तळहात फिरवायचा. शीर गरम लागली, की त्या घोड्याला सुट्टी. त्या सकाळी रांगेतला शेवटचा घोडा तपासून तो तसाच माझ्यापाशी सरकला, माझी विजार वर केली आणि शिरेवर हात ठेवला.

“गरम हाय. आज खोगीर न्हाय.”

“अहो, दसरा चार दिवसांवर आलाय!”

“दसरा पुढच्या वर्षी बी येतोय की.”

बादलीतलं गार पाणी ओतून तो घोड्याचीच पट्टी माझ्या पायाला गुंडाळू लागला. आता दुकानांत काय सांगायचं, हे मी मनात जुळवू लागलो. मग उगाच विचारलं, “मुक्या जनावराचं दुखणं कळतं कसं हो तुम्हाला?”

“घोडं दुखलं की पाय उचलून दावतंय, पावणं. लपवणारं जनावर ह्या तबेल्यात तुमीच पयलं.”