उलटे टांगलेले बोंबील आणि प्रभाताई

प्रभाताईंची पहिली भेट झाली ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, अंधेरीतल्या एका प्रकाशकांच्या कचेरीत. मी नुकताच चित्रकला शिकून बाहेर पडलेलो, डोक्यात हवा भरलेली. ताई शाळेत चित्रकला शिकवत आणि उरलेल्या वेळात मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढत. पुस्तकावर चित्रकाराचं नाव छापायला टाळाटाळ होण्याचे ते दिवस. "नाव नाही, तर चित्रंही नाहीत," असं त्यांनी हसत हसत सुनावलेलं मी ऐकलं आणि त्याच दिवशी त्यांचा शिष्य झालो.

त्याच प्रकाशकांकडे मिळालेलं माझं पहिलं पुस्तक म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या एका मुलीची गोष्ट. मी मुलुंडच्या शाकाहारी घरातला. बोंबील पाहिले होते तेही नाक धरून. तरी पानोपानी दोरीवर वाळणारे बोंबील झोकात रंगवले. चित्रं देण्याच्या आदल्या दिवशी ताई मला वर्सोव्याला घेऊन गेल्या. चित्रं आधी मुलांना, मग संपादकांना, हा त्यांचा शिरस्ता.

तिथली एक चिमुरडी चित्र पाहून खो खो हसत सुटली. "ए दादा, बोंबील उलटं टांगलंस! शेपटीवर कोन टांगतं? जबड्यात जबडा अडकवतात ना!"

मान वर केली, तर समोरच्याच दोरीवर जोडीजोडीने, शेपट्या खाली सोडून बोंबील वाळत होते.

मी चिडलो. "कोणाच्या लक्षात येणार आहे, ताई?"

"हिच्या आलं ना रे? तिच्याच घराचं पुस्तक, आणि त्यात घर खोटं? सगळी पुन्हा काढ."

"उशीर झाला तर पुस्तक जाईल माझं."

"ते मी बघते. तू बोंबील बघ."

ताईंच्या जोगेश्वरीच्या घरात बसून पंधरा दिवस चित्रं पुन्हा काढली. ताई मधूनच चहा ठेवत. पुस्तक माझ्याकडेच राहिलं. कसं, ते बऱ्याच वर्षांनी संपादकांकडून कळलं. काम दुसऱ्याला द्यायचं ठरलंच होतं, ताई जाऊन म्हणाल्या, "त्याचं काढून घ्याल, तर माझंही घ्या." तेव्हा त्यांच्या हातात त्यांचं तोवरचं सर्वांत मोठं पुस्तक होतं. माझ्याजवळ मात्र त्यांनी याचा चकार शब्द काढला नाही. आज चित्रकार म्हणून मी जो काही आहे, तो त्या एका वाक्यामुळे.

गेल्या आठवड्यात नव्या पुस्तकाची चित्रं घेऊन गेलो. पंच्याहत्तरीतल्या ताईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "पोरांना दाखवलीस?"

नव्हती दाखवली. ताई, मी अजून विसरतो. तेव्हा ठणठणीत राहा आणि पुढची खूप वर्षं मला असंच परत पाठवत राहा.