शहाडची सवत

आमचा नामा दारू पीत नाही, तंबाखू मळत नाही, पत्त्याला शिवत नाही. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "भागीरथे, नशीब काढलंस गं." मी म्हणायची, आठवडाभर घेऊन जा, मग बोला. आमच्या कोळ्यांत नवऱ्याला अहो-जाहो नसतं, म्हणून मी सरळ नामाच म्हणते. मी सांगतेय त्या दिवसांत त्याहून वाईटही म्हटलेलं आहे.

हा मूळचा करंजाचा. बाप दर्यावर, आजा दर्यावर, आणि हा एकटा असा निपजला की होडीत पाय ठेवला की ओकायचा. बापाने एक मोसम वाट बघितली, दुसरा बघितला, मग म्हणाला, शाळेत जा बाबा, तिथे तरी जमीन हलत नाही. बारावी झाला आणि डोंबिवलीला मानपाड्याच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरला चिकटला. कोलशेतला, माझ्या माहेरगावी, त्याची मावशी राहायची. तिच्याकडे यायचा तेव्हा त्याने मला हेरलेलं. मी डोक्यावर टोपली घेऊन बंदरावरून चाललेली असायची आणि हा मागून हळूच म्हणायचा, "आवडे, पापलेट हाय का?" पापलेट घ्यायची ऐपत कुठे होती मेल्याची! नुसती हाक मारायला मिळावी म्हणून विचारायचा.

माहेरी मी आवडी. पण लग्नात तांदळात नाव लिहिलं ते भागीरथी, कारण सासूबाईंचंच नाव आवडाबाई निघालं. एका घरात दोन आवड्या कशा चालतील? आणि आईच्या नावाने बायकोला हाक कोण मारणार? झालं, आवडी त्या दिवसापासून बंद. भागीरथी मात्र याच्या जिभेवर कधी बसलंच नाही. "अगं", "ऐकलंस का", नाहीतर नुसतं खाकरणं. सगळा संसार मी त्या खाकरण्यावर केला.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि स्टोअरचा माणूस म्हणून याला शिकायला पाठवलं. शहाड स्टेशनजवळ पिठाच्या गिरणीवर रघु नावाच्या माणसाचा क्लास होता. कोर्स संपला, सर्टिफिकेट आलं, भिंतीवर लागलं. तरी याचं शहाडला जाणं काही थांबेना. एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी. शुक्रवार उजाडला की हा डबा घेऊन निघालाच. घरी असला तरी शून्यात बघत बसायचा. आमटीत मीठ जास्त झालं तरी कळायचं नाही. एकदा मी मुद्दाम घातलं, तरी गप्प जेवला.

लोक काय गप्प बसतात? नाक्यावरचा काळुराम वाणी म्हणाला, कॉम्प्युटरवर आकडा लावतात हे लोक, माझ्या चुलतभावाने बघितलंय. शेजारच्या रखमाबाई साताऱ्याकडच्या, त्यांनी याला जिन्यात स्वतःशी पुटपुटताना ऐकलेलं. त्या म्हणाल्या, भानामती आहे, लिंबू उतरून टाक. माझी धाकटी बहीण मंजुळा तर माहेरी सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, शहाडला बाई असेल गो." आणि असं म्हणून आपल्या नवऱ्याकडे बघून हसली. तिचा नवरा जगन तिची पिशवी उचलतो, तिला पंख्याखाली बसवतो, पान आणून देतो. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी म्हटलं, बाई असेल तर बरंच आहे. झिंज्या उपटता येतील. म्हणून एका शुक्रवारी मी सरळ शहाड गाठलं.

वर जाऊन बघते तर चार बाप्ये एका टीव्हीसारख्या डब्यासमोर मांडीला मांडी लावून बसलेले. काळा पडदा, त्यावर इंग्रजी अक्षरं. चित्र नाही, गाणं नाही, काही नाही. रघु बिचारा समजावायला लागला. "वहिनी, हा शेपटीवाला ए दिसतो ना, तो म्हणजे आपला नामा. जमिनीखाली तळघरं आहेत, एकाखाली एक. ही बाकीची अक्षरं म्हणजे राक्षस, साप, चोर. काय खाल्लं की विष, काय प्यायलं की आंधळं, कुठल्या दाराला हात लावायचा नाही, सगळं ध्यानात ठेवावं लागतं. आणि एकदा मेला की मेला. पुन्हा पहिल्यापासून."

"मग मरू दे की," मी म्हटलं, "म्हणजे घरी तरी येईल."

कोणी हसलं नाही. चौघांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी देवळात चपला घालून शिरले. तेव्हा मला खरी आग लागली. त्यांना काहीतरी दिसत होतं आणि मला नुसती बाराखडी दिसत होती. माझा नवरा माझ्यासमोर बसून अशा ठिकाणी गेलेला जिथे मला दारच नव्हतं.

ए-च्या मागे मागे एक डी फिरत होता. मी विचारलं, ही कोण? नामा म्हणाला, "कुत्री. सोबतीला असते." आणि पडद्यावर वरच्या अंगाला काहीतरी लिहून आलेलं, ते त्याने घाईने घालवलं. मग म्हणाला, "थांब, तिला खायला टाकतो. उपाशी आहे." पडद्यावर जिना आला तर हा खाली उतरेना. डी लांब राहिलेला. हा थांबून तोंडाने "ये, ये" करत बसला. बाकीचे कंटाळले. रघु म्हणाला, "वहिनी, आम्ही सगळे कुत्र्याला पहिल्या-दुसऱ्या तळघरात सोडून देतो. हाच एक येडा, तिला घेतल्याशिवाय पायरी उतरत नाही."

मी डोंबिवलीहून तिथपर्यंत गेलेली. मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात माझ्या भावाचं, गणूचं लग्न ठरलं. आम्हा दोघी बहिणींचा तो एकुलता भाऊ. आमच्या घरात मांडवाची मेढ थोरल्या जावयाने रोवायची. आदल्या दिवशी त्याच्या हातात नारळ ठेवायचा, दुसऱ्या सकाळी त्याने उंबराची फांदी खांबाला बांधून मेढ उभी करायची, मग मांडव आणि मग हळद. जावयाचा तेवढा एकच मान, आणि मी थोरली करवली. मंजुळेच्या नाकावर टिच्चून माझा नवरा तो मान घेणार, एवढंच मला हवं होतं. बाकी सोनं-नाणं गेलं खाडीत.

शनिवारी सकाळी मेढ, आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कोलशेतला पोचायचं. शुक्रवार आला तसा हा डबा घेऊन उभा. मी दारात आडवी उभी राहिले.

"दुपारी येतो," नामा म्हणाला.

"नाही आलास तर मेढ जगन रोवेल. मग मला तोंड दाखवू नकोस."

"येतो म्हटलं ना."

दुपार झाली. नामा नाही, पण रघु आला. हातात नामाचा डबा, न उघडलेला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वहिनी, नामा नदीकडे जाऊन बसलाय. येईल थोड्या वेळाने. त्याला आज काही बोलू नका. सुतकात आहे तो."

मी त्याच्यासमोर जाऊन विचारलं, "कोण गेलं?"

"त्यालाच विचारा. माझ्याने सांगवत नाही," असं म्हणून रघुने डबा खाली ठेवला आणि जिना उतरला.

कोण असणार? करंजाला एकट्या सासूबाई होत्या. त्या परस्पर कोलशेतला लग्नाला यायच्या होत्या. क्लासमध्ये फोन होता, तिथेच निरोप आला असणार. रखमाबाईंनी भिंतीआडून ऐकलंच होतं. त्या आल्या, माझा स्टोव्ह विझवला आणि स्वतःच्या घरून पिठलं-भात घेऊन आल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्याने कडू घास द्यायचा असतो. मी रडत होते. खरं सांगते, सासूबाईंसाठी कमी आणि मेढीसाठी जास्त. सुतक त्याला म्हणजे मलाही. मेढ गेली, हळद गेली, भावाच्या लग्नात करवली म्हणून मिरवणं गेलं.

सुतकातल्या माणसाचा हात मांडवाला लागू द्यायचा नाही, म्हणून लगोलग काळुरामच्या दुकानातून कोलशेतला शेजाऱ्यांकडे फोन लावला. फोनवर आली मंजुळा.

"ताई, रडू नको गो," मंजुळा म्हणाली, "आमचे हे आहेत ना! आत्ता नारळ देते त्यांच्या हातात." जगनला ती शहरी बायकांसारखं 'हे' म्हणायची. आवाजात रडू होतं की उकळ्या फुटत होत्या, ते मला चांगलंच कळलं.

मी घरी येते तर नामा दारात. डोळे सुजलेले. समोर पिठलं-भात बघून चक्रावला.

"हे काय? कोण गेलं?"

"मला काय विचारतोस? तुझी आई!"

"आई? आई तर सकाळीच कोलशेतला पोचली. मावशीच्या घरी. क्लासवर तिचा फोन आलेला."

"मग सुतक कोणाचं?"

त्या चौघांचा एक नेम होता. खेळात ज्याचा माणूस मरेल त्याने दहा दिवस सुतक धरायचं, म्हणजे कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. आधी थट्टेत सुरू केलेलं, मग खरंच पाळायला लागले. आज नामाचा माणूस मेला नव्हता. मेली होती कुत्री. तरी त्याने सुतक मागून घेतलं.

"कुत्रीसाठी?" माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. "अरे, त्या अक्षरापायी माझ्या भावाची मेढ गेली! नारळ जगनच्या हातात पडला!"

मी धावत परत काळुरामकडे गेले, फोन लावला. या वेळी आई आली. सगळं ऐकून म्हणाली, "आवडे, नारल दिला तो दिला गो. मागं कसा घ्यावा? जगन काय म्हनल?" बरोबरच होतं तिचं. दिलेला मान काढून घेतला तर लग्नात भांडण.

परत आले तेव्हा नामा खाली मान घालून बसलेला. मी म्हटलं, आता शेवटचं सांग, असं काय होतं त्या कुत्रीत? तो बराच वेळ खाकरत राहिला. मग म्हणाला, "तुला दुपारी येतो म्हणालेलो. घाई होती. जिना आला, ती लांब होती. आज पहिल्यांदा तिच्यासाठी थांबलो नाही, तसाच उतरलो. परत वर गेलो तर मारून टाकलेली."

"मग रडायचं काय त्यात?"

"तिचं नाव आवडी होतं."

मला काय वाटलं म्हणता? गोड वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. आधी मस्तकात तिडीक गेली. माझं नाव! माझ्या आईने ठेवलेलं, बंदरावरून डोक्यावर मिरवलेलं, या घराच्या उंबऱ्याशी काढून ठेवायला लावलेलं. ते मला द्यायला याला आईची लाज आडवी आली, आणि कुत्रीला दिलं! तिला हाका मारल्या, तिला भरवलं, तिच्यासाठी जिन्यावर थांबला. रघुला ठाऊक, त्या बाकीच्या दोघांना ठाऊक, एक मलाच ठाऊक नव्हतं. तो पिठलं-भात मी त्याच्यासमोर सरकवला आणि म्हटलं, "खा. तुझ्याच घरचं मयत आहे."

आणि त्याने खरंच खाल्ला.

शनिवारी जगनने मेढ रोवली. नवी टोपी, कपाळाला गुलाल, फोटोवाल्याला तीनदा "अजून एक" म्हणाला. मंजुळा माझ्या शेजारी उभी राहून, "थोरले जावईबापू कुठेत गो?" असं गोड आवाजात विचारत होती. मी रागाने हळदीच्या पाटापासून लांब, बायकांच्या घोळक्यात जाऊन बसले. सासूबाई जवळच पान लावत होत्या, अगदी ठणठणीत. बँडवाले वाजवायला लागले होते.

तेवढ्यात मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून, एवढ्या गर्दीतून, एवढ्या आवाजावरून हाक आली.

"आवडे!"

बायका चपापल्या. आपल्या आईच्या नावाने भर मांडवात कोण ओरडतंय? सासूबाईंनी मान वर केली, लेकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "मना नाय गो. तुना बोलवतं. जा."

मी गेले. नामा वाढलेलं ताट हातात घेऊन उभा होता. कान लाल झालेले.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

मंजुळा बघत होती. बघू दे, म्हटलं. छाती भरून आली माझी. पण त्याच क्षणी ध्यानात आलं, हाक कशी सफाईने आली! कुठे अडखळला नाही, खाकरला नाही. लग्नापासून न मारलेली हाक अशी सरळ तोंडात येते होय? शुक्रवारी शुक्रवारी सराव झालेला होता मेल्याचा.

"परत मार हाक," मी म्हटलं.

"आता कशाला? समोर तर उभी आहेस."

"मार म्हणते ना. तिला किती हाका मारल्यास ते मला माहीत नाही."