कडू घासाला नको म्हणालो

इटलीतल्या एका खऱ्याखुऱ्या इटालियन हॉटेलात माझ्यापुढं आलेलं ताट मी हात आडवा धरून परत पाठवलं, आणि तेव्हा मला सपाटून भूक लागलेली होती.

मूर्खपणा म्हणाल तर एवढाच. पण तो करायला मी मलकापूरहून निघून, जन्मात पहिल्यांदा विमानात बसून, समुद्र ओलांडून गेलो होतो. गावातल्या गावात करता आला असता तर निदान स्वस्तात पडला असता.

मलकापूरला माझं भांड्यांचं दुकान आहे. पण लोक मला ओळखतात ते पंगतीसाठी. लग्न असो, तेरवी असो, आग्रह करायला मला बोलावतात. आमच्याकडं पहिल्या विचारण्याला जो हो म्हणतो तो हावरा. दुसऱ्या विचारण्याला ताटावर हात आडवा धरायचा, पण बोटं जराशी फाकवून, म्हणजे वाढणाऱ्याला फटीतून जिलबी सोडता येते. ती फट मला लांबून दिसते. शुगरवाले, दातांची कवळी बसवलेले, कोणी माझ्या हातून सुटलेला नाही.

माझा थोरला भाऊ त्या हॉटेलात कामाला होता. कित्येक वर्षांपूर्वी गेला तो भांडी घासायला. घरी आम्ही सगळ्यांना सांगायचो, भाऊ तिकडं शेफ आहे. त्याला हे फोनवर कळलं तेव्हा तो खोकला येईपर्यंत हसला. म्हणाला, "अबे, तू भांडे इकतो, मी घासतो. एकाच धंद्यात आहो आपण." पुढं खरोखरच त्याला कणीक मळायला घेतलं, आणि मग पास्ता हातानं करायचं काम त्याच्याकडंच आलं. एका सकाळी तो मैद्याचं पोतं उचलायला वाकला, तिथंच बसला आणि उठला नाही.

बातमी आली तेव्हा सगळे सोयरे माझ्या ओट्यावर जमले. बोलणं भावावरून लगेच वहिनीवर आलं. वहिनी तिथं म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करते. मूल नाही. एकटी बाईमाणूस परक्या मुलखात कशी ठेवायची, हा प्रश्न जो तो दुसऱ्याला विचारत होता. मी उभा राहून म्हणालो, "मी जातो आन् घेऊन येतो." पंगतीत बोलतो तसाच बोललो. बायकोनं त्याच दिवशी वरची खोली रिकामी करायला घेतली. तिथं आमच्या पातेल्यांच्या चळती असायच्या.

माझे कागद होईपर्यंत भाऊ तिकडं थंड खोलीत पडून होता. मी पोचलो तेव्हा त्याच्या भुवयांवर बारीक दहिवर होतं. मी ते बोटानं पुसायला गेलो तर तिथल्या माणसानं माझं मनगट धरलं. बरोबर आहे, तसं करत नाहीत म्हणे. पुढच्या दिवशी त्याला अग्नी दिला. अग्नी दिला म्हणायचं आपलं. एक दार लागलं आणि आम्ही खुर्च्यांवर बसलो.

तिथून वहिनीच्या खोलीवर येताना मी तिला विचारलंच, "वहिनी, तिकिटाचं पाहू का?"

"नाई ठरवलं अजून."

"इथं कोन आहे तुमचं?"

"तिथं कोन आहे?" वहिनी म्हणाली. मग जरा थांबून, "येईनबी, भाऊजी. मी पाहून राह्यली."

"काय पाहून राह्यल्या?"

"तुमाले."

मला बरं वाटलं. मला वाटलं, दीर कसा धावून आला ते बघते आहे.

तिनं भाऊ गेल्यापासून धड खाल्लेलं नव्हतं. विजेच्या किटलीतला चहा आणि कोरडी बिस्किटं. गालाची हाडं वर आली होती. तिच्या खोलीत शेगडी पेटली नव्हती, आणि आमच्या पद्धतीनं ते बरोबरच होतं. ज्या घरातून माणूस जातो त्या घरात चूल पेटत नाही. सोयरे घरून पिठलं-भाकर घेऊन येतात, तो कडू घास. घरातले नको म्हणतात, सोयरे हात धरून घास भरवतात. आणि घरच्या पुरुषानं घास घेतल्याशिवाय बाई घेत नाही. हे सगळं मला पाठ. कित्येक घरांत मी स्वतः भरवलेलं आहे.

संध्याकाळी वहिनी म्हणाली, "चला. त्याइच्या हाटेलात बलावलं जेवाले."

हॉटेल त्या दिवशी गिऱ्हाइकांसाठी बंद ठेवलं होतं. मला इटालियन जेवण माहीत नव्हतं असं नाही. खामगावच्या एका लग्नात काउंटरवर उंच टोपीवाला माणूस ढोबळी मिरची आणि टोमॅटो सॉस घालून तव्यावर पास्ता उडवत होता, तो मी दोन वेळा घेतला होता. इथं टोपी नव्हती, मिरची नव्हती. बुटकं छत, लाकडी टेबलं, खिडकीत काचेचे जग. कोपऱ्यातल्या खुंटीवर भावाचा एप्रन टांगलेला होता. धुतलेला, इस्त्री केलेला. मी तो बघायचं टाळून टेबलावरची रिकामी ताटली उलटी करून कंपनीचा शिक्का पाहिला. सवय.

मालकीण म्हणजे काळ्या स्वेटरातली एक म्हातारी. चष्मा दोरीनं गळ्यात. तिनं स्वतः दोन ताटं आणली. त्यात कणकेचे चौकोनी, फुगीर तुकडे, आत गंगाफळाचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, सारण, वर लोणी आणि लोण्यात परतलेली कसली तरी पानं. वास असा आला की माझ्या पोटात आवाज झाला. ताटं ठेवून म्हातारी उभी राहिली आणि हळूहळू काहीतरी बोलली. बोलताना भावाचं नाव आलं. तिचे डोळे भरले.

मी ओळखलं. हा कडू घास. इथंही असतोच की. मग मला माझी बाजू सांभाळायला हवी होती.

मी ताटावर हात आडवा धरला. बोटं फाकवून. मान खाली घातली आणि म्हणालो, "नको. घशाखाली उतरत नाई."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, थ्या काय म्हनून राह्यल्या ते ऐका तं."

"कायबी म्हनू द्या. आज नको."

"जरा ऐका..."

"नको, वहिनी. भाऊ गेला माहा."

खोटं नव्हतं ते. भाऊ गेला होता आणि मला रडूही येत होतं. पण त्या रडण्याच्या कडेला मी एक डोळा किलकिला ठेवून म्हातारीच्या हाताची वाट पाहत होतो. आता ती माझा खांदा धरेल, म्हणेल, अरे असं कसं, आणि काटा माझ्या तोंडाशी आणेल. मग मी एक घास घेईन, वहिनीकडं वळेन, आणि तिला असा आग्रह करीन की ती ताट रिकामं करील. सगळं डोक्यात बसवलेलं होतं.

वहिनीनं हातातला काटा खाली ठेवला. मी नाही खाल्लं तर ती कशी खाणार?

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. मान हलवली, समजलं अशी. आणि दोन्ही ताटं उचलून आत घेऊन गेली.

बोटं फाकवलेला माझा हात तसाच टेबलावर राहिला. त्याच्याखाली आता काही नव्हतं.

 वहिनी उठून आत गेली. मला वाटलं, तोंड धुवायला. टेबलावर पावाची टोपली तेवढी राहिली होती. मी इकडंतिकडं पाहिलं. एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. तिकडच्या पावाला जाड साल असते, ती चावायला वेळ लागतो. माझे दोन्ही गाल भरलेले असताना म्हातारी पाण्याचा जग घेऊन बाहेर आली. ती थांबली. मीही थांबलो, चावायचा. घशाखाली उतरत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या मिशीला पावाचा भुगा लागलेला होता. तिनं जग ठेवला, ग्लासात पाणी ओतलं, ग्लास माझ्याकडं सरकवला आणि परत गेली. हसली असती तर चाललं असतं.

वहिनी येईना म्हणून मी आत गेलो. हातात पावाचा शेवटचा तुकडा तसाच. स्वयंपाकघरात भट्टीजवळ भावाबरोबर काम करणारी दोन-तीन माणसं भिंतीला टेकून उभी होती. दोन्ही ताटांतलं परत कढईत ओतलेलं होतं, आणि मध्ये वहिनी, उभ्यानंच, त्यातून खात होती. काट्यानं नाही, हातानं. खात होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसत नव्हती. कोणी तिला खा म्हणत नव्हतं, कोणी पुरे म्हणत नव्हतं. म्हातारी एका हातानं तिचे केस मागं धरून उभी होती, लोण्यात जाऊ नयेत म्हणून.

मला पाहून वहिनीनं घास गिळला.

"सरलं, भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्या भावाच्या हातचं होतं. जायाच्या आदल्या दिशी करून फ्रीजरमदी ठेवले होते. तेवढेच राह्यले होते."

मी कढईत पाहिलं. तळाशी लोणी आणि करपलेली पानं.

"थ्या तेच सांगून राह्यल्या होत्या तुमाले. आपल्या दोघाइसाठी राखून ठेवले होते मालकिणीनं. तुमी ऐकलं नाई."

"मले वाटलं, आग्रह करतीन."

"कोनाले? तुमाले?" वहिनीनं पदर नसलेल्या खांद्यावरून सवयीनं हात फिरवला आणि बाहीला तोंड पुसलं. "भूक मले लागली होती. तुमी हात धरला तं माहंबी ताट गेलं."

 बोलण्यासारखं एकच होतं, की मीही भुकेला होतो, आणि ते त्या क्षणी सांगायची माझी छाती झाली नाही.

"मी नाई येत," वहिनी म्हणाली. रागानं नाही. "तिथं मले रोज पाहा लागन, भाऊजीनं घास घेतला का नाई. इथं मले भूक लागली तं मी खाते."

माणसं एकेक करून बाहेर गेली. म्हातारीनं वहिनीला खुर्चीवर बसवलं. मी कढईजवळ गेलो आणि हातातल्या पावानं तळ पुसून घेतला. गंगाफळाचा एक धागा निघाला, जरासं मीठ, जरासा करपट वास. माझ्या भावाच्या हातचं मी एवढंच खाल्लं. इतक्या वर्षांत तो गावी आला की आम्हीच त्याला खाऊ घालायचो, त्याला कधी करू दिलं नाही. गावात लोक काय म्हणतील, पुरुषमाणूस चुलीशी.

वहिनीनं अस्थींतल्या थोड्या स्वतःजवळ ठेवल्या, बाकीच्या पिशवीत घालून माझ्या हवाली केल्या. मुंबईहून गाडीनं येताना ती पिशवी मी मांडीवर धरून बसलो. शेजारच्या माणसानं डबा उघडून "घ्या ना भाऊ" म्हटलं. मी पहिल्या विचारण्यालाच हो म्हणालो. त्याला जरा धक्का बसला असावा.

मलकापूर स्टेशनवर बायको आली होती. तिनं माझ्या मागं डब्याच्या दाराकडं पाहिलं. कोणी उतरलं नाही.

"वहिनी?"

"नाई आल्या."

ऑटोत बसल्यावर तिनं पिशवी माझ्याकडून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि "काऊन?" एवढंच विचारलं. मी सगळं सांगितलं. पावाचंही सांगितलं, म्हटलं तेवढ्यानं तरी ती हसेल. घर आल्यावर ती पिशवी घेऊन उतरली. जिन्याशी आली, वर त्या रिकाम्या खोलीच्या उघड्या दाराकडं पाहिलं, आणि म्हणाली,

"जलमभर लोकाइले जबरदस्तीनं जिलब्या चारल्या. आन् जिले चाराले गेले होते, तिच्याच पुढचं ताट उचलून देलं."