मामा मशीन बघायला येतात

ऐका ना, पण हसायचं नाही. जुई, तू तर आत्ताच दात काढायला लागलीस. हसलात तर अर्ध्यावर थांबेन आणि मग शेवट काय ते तुमचं तुम्ही शोधत बसा.

तर दुपार आहे. कारखान्यात मी एकटी आहे आणि लाईट जाते. पंखा रेंगाळत रेंगाळत थांबतो, माश्या ऐकू यायला लागतात, आणि मी नव्या मायटर सॉच्या, म्हणजे लाकूड तिरकं कापायच्या मशीनच्या, पायाशी भुशाच्या पोत्याला टेकून बसलेय. मांडीवर लाकडाच्या दोन पट्ट्या आहेत, दोन्हींची टोकं पंचेचाळीस अंशांत तिरकी कापलेली, आणि मी ती जोडतेय, सोडवतेय, परत जोडतेय. कोपरा मिटत नाही. आतल्या बाजूला चिकटतो आणि बाहेरच्या बाजूला फट राहते. केसाएवढीच, पण फट ती फट.

आणि हा साधा कोपरा नाहीये. विष्णूमामांच्या फोटोची फ्रेम करायचीय. मामा म्हणजे आमचे मेस्त्री, कारखाना त्यांचाच, मागच्या दिवाळीच्या तोंडावर गेले. आता वर्षश्राद्ध आलंय, आणि मामींनी माळ्यावरून सागवानाची एक पट्टी काढून दिलीय, मामांनी कुठल्यातरी चांगल्या कामासाठी म्हणून जपलेली. एका फ्रेमपुरतीच आहे. चुकली तर संपलं. म्हणून मामी म्हणाल्यात, "दोघांनी आधी साध्या लाकडावर करून दाखवा. ज्याचा कोपरा मिटेल त्यानं फ्रेमला हात लावायचा."

दोघं म्हणजे मी आणि प्रसन्न. प्रसन्न मामांचा सख्खा भाचा. मी आईच्या गावची म्हणून मामा म्हणणारी. त्याचे खरे मामा, माझे म्हणायचे मामा. काम आम्ही एकाच वेळी शिकलो, एकाच रंध्यानं दोघांचे हात सोलले, पण गेल्या वर्षभरात काय झालंय माहितीय का? मामा त्याच्या स्वप्नात येतात. माझ्या नाही. हा रोज चहाला बसला की सुरू करतो, "काल मामा आलेले. म्हणाले, प्रसन्ना, पातं पूर्ण वेग घेईपर्यंत लाकडाला टेकवायचं नाही." अरे, हे तर मशीन बसवायला आलेला माणूस सांगून गेलाय, मी पण तिथेच उभी होते. मामांनी तर हे मशीन बघितलंसुद्धा नाही. ते गेल्यानंतर आलं, यंदा खंडेनवमीला त्याची पूजा झाली, आणि पूजा कुणी केली? प्रसन्ननं. मी नारळ सोलून दिला.

त्याच्या कोपऱ्यालाही फट येतेच हां. पण तो त्यात भुसा आणि गोंद भरतो, वरून पॉलिश मारतो, आणि मामींचा चष्मा जुना आहे. तो जेवायला घरी गेलाय, संध्याकाळी मामी येणार, आणि मी इथे फटीतून उजेड बघतेय.

डोळे मिटतात. म्हणजे मिटतात, पण कारखाना दिसायचा थांबत नाही. पापणीच्या आतही तीच खिडकी, तोच भुसा उन्हात तरंगतोय, फक्त खाली पडत नाहीये.

"पिन काढलीस का?"

मी म्हणते, "काढली." मग कळतं की कोण विचारतंय.

मामा मशीनपलीकडे उभे आहेत. तोच निळा शर्ट, कानावर पेन्सिल, गळ्यात मफलर. मला रडू यायला पाहिजे ना? येत नाही. मी काय म्हणते माहितीय? मी म्हणते, "आलात व्हय. वाट चुकून आलात काय, प्रसन्न जेवायला गेलाय."

"पिन," मामा म्हणतात. "लाईट गेली की आधी पिन. लाईट आपल्याला विचारून परत येत नाही."

"काढली म्हणतेय ना."

ते वाकून सॉकेट बघतात. माझ्यावर विश्वास नाही, मेल्यावरही नाही. बघून झाल्यावर जरा बरं वाटतं त्यांना, आणि मग ते मशीनकडे बघतात. कसं सांगू, लग्नात दुसऱ्याच्या ताटातल्या जिलेबीकडे बघावं तसं.

"हे असं आहे होय," ते म्हणतात. "माझी सगळी हयात हातकरवतीत गेली. आणि मी गेल्यावर हे आणताय."

"त्याच्या स्वप्नात रोज येता, तेव्हा नाही दिसलं?"

"दिसतं. हात लावू देत नाही तो."

आणि आम्ही एसटीत बसलोय. कधी बसलो कळलं नाही. कराड स्टँडवरून सुटलेली गाडी आहे, कंडक्टर नाही, आणि धरायचे दांडे आहेत ना वरचे, ते मशीनचे दांडे आहेत, गुळगुळीत, तेल लावलेले. त्या दांड्यांवर अख्खी गाडी मागे सरकते, पुढे सरकते, मागे, पुढे. रस्ता जागचा हलत नाही. मामा खिडकीशी बसलेत आणि मी शेजारी, आणि मला एवढंच वाटतंय की प्रसन्नच्या स्वप्नात यांना खिडकी मिळते का.

"त्याच्याकडे का जाता?" मी विचारतेच.

"तो झोपतो गं. उशीला डोकं लागलं की घोरतो. तुझ्याकडे किती वेळा येऊन गेलो. तू आपली टक्क जागी, हा त्याच्याकडे का जातो म्हणून तळमळत. जाग्या माणसाच्या स्वप्नात कसं शिरायचं?"

गाडी मागे सरकते.

मग घाट आहे. आपला प्रीतिसंगमाचा, जिथे आपण भेळ खातो तोच, पण माणूस नाही एकही. कृष्णा आणि कोयना दोन बाजूंनी येऊन जिथे मिळतात तिथे, घोटाभर पाण्यात, मशीन उभं आहे. वायर पाण्यावरून लांब कुठेतरी गेलीय. मी म्हणते, "मामा, पाण्यात मशीन चालवायचं नसतं." ते म्हणतात, "मला काय होतंय आता." मी म्हणते, "मला होईल ना." तर ते निमूट बाजूला होतात, आणि पाणी ओसरून खाली कोरडी फरशी लागते. मला इतकं बरं वाटतं सांगू. मामांनी माझं ऐकलं.

"दाखव," ते म्हणतात. "मला कुठं येतंय हे."

आणि मी त्यांना शिकवते. मी, मामांना.

आधी मफलर काढायला लावते. "गळ्यात काही लोंबत नको, बाह्या कोपराच्या वर, हातमोजे नकोत, पात्यानं एक दोरा ओढला तर मागून हात जातो." ते मफलर काढून नंदीच्या शिंगाला अडकवतात. घाटावर नंदी आहे ना, त्याच्या. मग चष्मा घालते त्यांना, माझा, प्लास्टिकचा. कानाला अडकवताना पेन्सिल मध्ये येते, ती मी खिशात ठेवायला जाते तर म्हणतात, "तिला हात लावायचा नाही." बरं.

"फळी मशीनच्या मागच्या उभ्या पट्टीला पूर्ण टेकवायची. फळीला बाक असला तर फुगीर बाजू पट्टीकडे, नाहीतर कापताना लाकूड पातं आवळतं आणि झटका बसतो. आता क्लॅम्प, लाकूड आवळून धरायला. हात पात्याच्या रेषेत कधी नाही, आणि एका हातावरून दुसरा हात आडवा न्यायचा नाही."

"एवढं सगळं प्रसन्नला येतं?"

"येतं," मी म्हणते. मग म्हणते, "क्लॅम्प लावायचा कंटाळा करतो तो." हे सांगायलाच पाहिजे होतं का? पाहिजे होतं.

मामा हँडल धरतात. वायर कुठे लावलीय देव जाणे, पण पातं फिरायला लागतं, आणि घाटावरचे पारवे एकदम उडतात, आवाज न करता.

"थांबा, पूर्ण वेग घेऊ दे. आता वरच्या वर स्वतःकडे ओढा. ओढताना कापायचं नाही, पातं अंगावर चढतं. ओढलं? आता खाली. आता ढकला, पलीकडे."

ते ढकलतात. फळी लोण्यासारखी जाते. मी सांगते की बटण सोडा, पण वर उचलू नका, पातं थांबेपर्यंत खालीच धरा. ते धरतात. पातं थांबतं, आणि मामा माझ्याकडे बघतात, आणि तोंडभर हसतात. जिवंतपणी मी त्यांना असं हसताना बघितलंच नव्हतं.

"करवत ढकलतानाच कापते," ते म्हणतात. "हे तर आपलंच निघालं."

"त्यानं तुम्हाला कापू दिलं होतं?"

"नाही म्हटलं ना. तो बोलतो फार. मी आपला उभा."

बघा म्हणजे. चहाला बसून सांगायचं मामा आले, मामा म्हणाले, आणि मामा बिचारे उभे.

आता मी बोलते. "मामा, माझा कोपरा मिटत नाही." पट्ट्या दाखवते. ते फट बघतात, आणि त्यांचा जुना चेहरा परत येतो.

"भुसा भरणार होतीस?"

"मी नाही. तो भरतो."

"तू काय करणार ते विचारलं."

मी पट्ट्या उलट्यापालट्या करत राहते. कारण खरं सांगू, तुम्हाला म्हणून, मी पण गोंद काढून ठेवलेला होता.

आम्ही परत कारखान्यात आहोत, पण छत नाहीये, वर नदी वाहतेय, तिचा उजेड मशीनवर हलतोय. मामा मशीनची फिरती तबकडी उजवीकडे नेतात, पंचेचाळीसवर. टक. परत शून्यावर. टक. मग डावीकडे, पंचेचाळीसवर. आणि तिथे टक होत नाही. थप होतं. मऊ, उशीत काहीतरी पडल्यासारखं.

ते परत करतात. उजवीकडे टक. डावीकडे थप.

"ऐकलंस?"

ऐकलं. आणि मला लाज वाटते, कारण हा आवाज मी आठवडाभर ऐकतेय, फक्त तो ऐकायला कान कुठे होता, कान सगळा चहाच्या वेळेकडे होता, आज मामांनी त्याला काय सांगितलं तिकडे.

मामा कानावरची पेन्सिल काढतात. तबकडीच्या कडेला अंशांच्या खाचा असतात ना, त्यात लॉकचा दात बसतो, त्यातल्या डाव्या पंचेचाळीसच्या खाचेत ते पेन्सिलीचं टोक घालतात, अगदी कानातला मळ काढावा तसं फिरवतात, आणि काहीतरी बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवतात.

तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल झालेला.

"अक्षता," मामा म्हणतात. "पूजा कुणी केली?"

आणि मी, किती दिवस कुणीतरी हेच विचारावं म्हणून बसलेली, एकदम म्हणते, "प्रसन्ननं. मूठ भरभरून टाकल्या त्यानं."

"आणि नंतर मशीन पुसायचं कुणी?"

पुसायचं मी. खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी हत्यारं पुसायची पाळी माझी होती. पूजा करू दिली नाही म्हणून मी रुसून पुसलंच नव्हतं, नुसता हार काढला होता.

मामा माझी मूठ मिटतात. त्यांचा हात गार नाही, गरम पण नाही, रंधा मारून ठेवलेल्या लाकडासारखा आहे. "जातो," म्हणतात. "मफलर घाटावर राहिला."

"परत याल?"

"झोपत जा," ते म्हणतात.

पंखा सुरू होतो. लाईट आलीय. मी पोत्याला टेकलेली, मान अवघडलेली, पट्ट्या खाली पडल्यात, पिन काढलेलीच आहे. उजव्या हाताची मूठ मिटलेली आहे. उघडते, तर तळहातावर दाणा. लाल.

मी मशीनपाशी जाते, तबकडी डावीकडे नेते. टक.

तेवढ्यात प्रसन्न येतो, केस विस्कटलेले, गालावर चटईचे वळ. येतो ते सरळ चहाच्या किटलीकडे, आणि तोंड एवढंसं.

"झोपलो होतो जरा," म्हणतो. "मामा आले आणि लगेच निघाले. चहापण नाही. म्हटलं, मामा बसा की. तर म्हणाले, घाई आहे, कारखान्यात जायचंय, मशीन चालवायचंय." मग माझ्याकडे बघतो. "वृषे, तुझ्याकडे आलेले का गं?"

मी मूठ मिटते. पिन लावते, चष्मा घालते, साधी पट्टी क्लॅम्पमध्ये आवळते. "लांबचं टोक धर," त्याला म्हणते, "आणि बाही वर कर आधी." दोन काप घेते. पातं थांबेपर्यंत खालीच धरते. मग दोन्ही टोकं जोडून त्याच्यासमोर खिडकीकडे धरते, आणि मधून काहीच उजेड येत नाही.

तो कोपऱ्याकडे बघत राहतो. मग आपली गोंदाची बाटली उचलून भिंतीवरच्या फळीवर ठेवून देतो.

नाही, त्याला नाही सांगितलं अजून. सांगेन. फ्रेम लागली भिंतीला, मामींनी चष्मा पुसून पुसून चारी कोपरे बघितले, त्या दिवशी सांगणार होते. पण दोन दिवस झाले, तो रात्री झोपत नाही म्हणे. आणि मी झोपते.

हा बघा, मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवलाय. हात लावू नको जुई, नुसता बघ.